वापरलेली मेटल पावडर परत मशीनमधे घालायची तर काय काय करायचं (नवीन लोकांसाठी)

लेझर पावडर बेड मशीनवर (पावडरचे पातळ थर पसरून लेझरने वितळवत पार्ट प्रिंट करणारं मशीन) काम सुरू केलं की पहिल्याच बिल्डनंतर, म्हणजे एका प्रिंटनंतर, हा प्रश्न समोर येतो. पार्ट बाहेर निघाला, आणि आजूबाजूला ढीगभर पावडर तशीच पडलेली. बहुतेक बिल्डमधे भरलेल्या पावडरपैकी थोडाच हिस्सा वितळून पार्टमधे जातो, बाकीची फेकायची म्हटली तर हे काम कुणालाच परवडणार नाही, म्हणून ती परत वापरणं हे या प्रोसेसमधे गृहीतच धरलेलं आहे. मग नवीन माणूस लगेच विचारतो, पावडर किती वेळा वापरता येते? पाच वेळा? दहा? वीस?

माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या आकड्याच्या मागे लागू नका. एक बिल्ड म्हणजे कोपऱ्यात एक छोटासा ब्रॅकेट, चार तासात संपला. दुसरा बिल्ड म्हणजे प्लेट गच्च भरलेली, सपोर्टच सपोर्ट, लेझर दोन दिवस चालू. वहीत दोन्ही "एकदा वापरली" असेच लिहिले जातात पण पावडरने जे सोसलं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पावडरला काय काय झालं हे मोजत आणि लिहीत गेलात तर कधी थांबायचं ते तुमचं तुम्हालाच दिसतं. खाली जे सांगतोय ते सगळं त्यासाठीच आहे.

आधी समजून घ्या, चेंबरमधे पावडरला होतं काय

लेझर पडतो तिथे मेल्ट पूलमधून, म्हणजे वितळलेल्या धातूच्या छोट्या डबक्यातून, धातूचे थेंब उडतात, त्यांना स्पॅटर म्हणतात. हे उडता उडता गार होतात आणि बेडवर परत पडतात, जास्त करून गॅस ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला. स्पॅटरचे कण बऱ्याचदा मूळ पावडरपेक्षा मोठे असतात आणि त्यांच्यावर ऑक्साइडचा थर असतो. लेयर साधारण ३० ते ६० मायक्रॉनची, त्यात शंभर-दीडशे मायक्रॉनचा गोळा आला की रिकोटर (थर पसरवणारी पट्टी) अडखळतो, किंवा तो कण नीट वितळतच नाही आणि पार्टच्या आत पोकळी राहून जाते. काही स्पॅटर रिकोटर ढकलत ढकलत ओव्हरफ्लोमधे (थर पसरून उरलेली पावडर पडते त्या डब्यात) नेतो, त्यामुळे ओव्हरफ्लोची पावडर "लेझरखाली आलीच नाही म्हणजे नवीनच" असं समजू नका, तिच्यात स्पॅटर भरपूर असू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे धूर. धातूची वाफ गार होऊन अतिशय बारीक काजळीसारखी जमते, ती फिल्टरमधे आणि चेंबरच्या भिंतींवर दिसते. ही काजळी पावडरमधे परत जाता कामा नये, आणि हवा लागली की ती आपोआप पेटू शकते, त्यावर शेवटी बोलतो.

तिसरी गोष्ट डोळ्याला दिसत नाही. पार्टच्या जवळची पावडर वितळत नाही पण तापते, आणि तापलेला कण चेंबरमधला उरलासुरला ऑक्सिजन आणि ओलावा ओढून घेतो. मशीन ऑक्सिजन साधारण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवतं, पण शून्य कधीच नसतो. आणि चाळणीने केमिस्ट्री बदलत नाही. चाळून पावडर स्वच्छ दिसते, पण कणात मुरलेला ऑक्सिजन तसाच राहतो, शिवाय मूळ पावडरच्याच साइझचं स्पॅटर चाळणीतून आरामात खाली उतरतं. "चाळली म्हणजे झालं" हा या विषयातला सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे असं मला वाटतं.

कुठल्या धातूने सुरुवात करायची

शिकायचं असेल तर ३१६एल स्टेनलेस घ्या. बऱ्यापैकी सोशिक मटेरियल आहे, थोडं इकडे तिकडे झालं तरी सांभाळून घेतं. इन्कोनेल ७१८ पण तसं ठीक आहे, फक्त निकेलची पावडर आहे, श्वासातून आत जाऊ द्यायची नाही. एएलएसआय१०एमजी हे अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण ओलाव्याच्या बाबतीत फार नाजूक, कणांवरच्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो आणि पार्टमधे गोल गोल बारीक छिद्रं पडतात.

आणि टायटॅनियम सिक्स-फोर (६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम). इथे ऑक्सिजन हाच मुख्य मुद्दा, कारण तो टायटॅनियममधे विरघळून बसतो आणि परत निघत नाही, ताकद वाढते पण लवचिकपणा कमी होतो, म्हणजे पार्ट ठिसूळपणाकडे झुकतो. ग्रेड ५ ला ऑक्सिजनची मर्यादा वजनाने ०.२० टक्के, ग्रेड २३ म्हणजे ईएलआयला (याच मिश्रणाची, ऑक्सिजन वगैरे मुद्दाम कमी ठेवलेली जात) ०.१३ टक्के. नवी ईएलआय पावडर ०.०९ किंवा ०.१० ला आली तर हातात जागा किती उरली ते बघा. म्हणून पावडर विकत घेतानाच सर्टिफिकेटवरचा ऑक्सिजन वाचा, जितका कमी तितकं पावडरचं आयुष्य जास्त.

पहिलं काम: वही उघडा

एक्सेल चालेल, कागदी वही चालेल, पण पावडर मशीनमधे जायच्या आधी सुरू झालेली पाहिजे. लॉट नंबर, पुरवठादाराचं सर्टिफिकेट, डबा कधी उघडला, कुठल्या मशीनवर, बिल्डची उंची, लेझर किती तास चालू होता, प्लेट किती भरलेली होती, किती किलो घातली, किती परत आली, चाळणी कुठली, चाळणीवर किती ग्रॅम राहिलं, नवी किती मिसळली. सुरुवातीला कंटाळा येतो हे मान्य आहे. पण उद्या एखादा टेन्साइल बार (ताणून तोडून ताकद तपासायचा नमुना) फेल गेला तर मागे जाऊन बघायला याशिवाय दुसरं काही हातात नसतं. टायटॅनियमच्या एएसटीएम एफ२९२४ आणि एफ३००१ या स्टँडर्डमधे वापरलेली पावडर चालते असं म्हटलंय, पण नवी आणि वापरलेली यांचं प्रमाण नोंदवायला पण सांगितलंय.

आणि नव्या डब्यातून सुरुवातीलाच एक सॅम्पल काढून सीलबंद ठेवा. पुढे सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे, ते नसेल तर तुलना कशाशी करणार.

बिल्ड संपल्यावर घाई नको

दार लगेच उघडू नका. गरम पावडरला हवा लागली की ती ऑक्सिजन पटकन घेते, विशेषतः टायटॅनियम, म्हणून आर्गॉन चालू ठेवून नीट गार होऊ द्या. नंतर पावडर गोळा करताना वेगवेगळ्या जागची वेगळी ठेवता आली तर फार बरं, बेडमधली एका डब्यात, ओव्हरफ्लोची दुसऱ्या डब्यात. गॅस बाहेर जातो त्या बाजूला जे काळपट खरखरीत जमलेलं असतं ते आणि चेंबरच्या भिंतींवरचं पुसून काढलेलं, हे दोन्ही सरळ वेस्टमधे. चार मुठी वाचवायच्या नादात त्या परत मिसळू नका.

ब्रश, स्कूप, डबे, फनेल हे प्रत्येक धातूचे वेगळे पाहिजेत आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव पाहिजे. एका धातूचे कण दुसऱ्यात गेले तर चाळून वेगळे करता येत नाहीत, साइझ एकच असतो ना. रिकोटरची रबर किंवा सिलिकॉनची पट्टी झिजते, ब्रशचे केस तुटतात, ते पण पावडरमधे जातात, आणि बारीक केस उभा झाला की चाळणीच्या छिद्रातून सरळ खाली उतरतो. त्यामुळे दर बिल्डनंतर पट्टी आणि ब्रश नीट बघायचे, तुकडा गेलेला दिसला तर तो शोधायचा.

चाळणं

लेझर मशीनची पावडर साधारण १५ ते ४५ किंवा २० ते ६३ मायक्रॉनची असते. १५–४५ वाली पावडर बरेच जण ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात, म्हणजे २३० मेश (इंचाला २३० छिद्रं). नवीन लोक विचारतात की पावडर ४५ ची आहे तर चाळणी ४५ ची का नाही? कारण ४५ हा आकडा म्हणजे काही कडक भिंत नाही, थोडी चांगली पावडर त्याच्या वर पण असते, आणि छिद्र आणि कण एकाच मापाचे झाले की चाळणी तुंबते. तुमच्या मशीनवाल्याने आणि पावडरवाल्याने जी सांगितली असेल तीच वापरा, आणि मधेच बदलू नका, बदललीत तर आधीच्या नोंदींशी तुलना संपली.

चाळणी लावायच्या आधी उजेडासमोर धरून बघा, फाटलीय का, तार तुटलीय का. चाळून झाल्यावर परत बघा. आधी धड होती आणि नंतर फाटलेली निघाली तर ती सगळी खेप परत नवीन चाळणीतून काढायची, आणि टायटॅनियमच्या पावडरमधे स्टीलच्या तारेचा तुकडा गेला असेल अशी शंका असेल तर ती पावडर महत्त्वाच्या पार्टला वापरायचीच नाही.

पावडर हळूहळू घाला. तुंबली म्हणून हाताने घासून खाली ढकलायची नाही, लांबट कण आणि जोडकण त्यानेच खाली जातात, अल्ट्रासॉनिक चाळणी असेल तर हा त्रास खूप कमी होतो. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम बंद सिस्टीममधे, आर्गॉनखाली चाळा.

चाळणीवर जे राहिलं त्याचं वजन करा आणि एकूण घातलेल्या पावडरच्या किती टक्के आहे ते लिहा. यासाठी साधा वजनकाटा पुरतो, पण माझ्या मते इतक्या कमी मेहनतीत इतकी माहिती दुसऱ्या कुठल्याच चाचणीतून मिळत नाही. एकसारख्या बिल्डमधे हा आकडा अचानक वाढला तर गॅस फ्लो बिघडलाय, फिल्टर भरलाय, लेझरची काच घाण झालीय असं काहीतरी नक्की चाललंय, आणि पार्ट खराब निघायच्या आधीच ते कळतं.

मिसळायची की नाही

इथे तीन रस्ते आहेत. पहिला, एका लॉटची पावडर घ्यायची, वापरायची, चाळायची, परत तीच वापरायची, नवी काहीच घालायची नाही. प्रत्येक कणाचा इतिहास जवळजवळ सारखा, नोंदी एकदम सरळ. अडचण एवढीच की पावडर कमी कमी होत जाते आणि एक दिवस उंच बिल्डला पुरत नाही. दुसरा, दर वेळी कमी झाली तेवढी नवी घालून भरायची. तिसरा, एकदा वापरलेली सगळी एका डब्यात, दोनदा वापरलेली दुसऱ्यात असं साठवायचं आणि एकाच वयाची पुरेशी झाली की ती एकत्र करून वापरायची. नवीन माणसाने पहिल्या रस्त्याने जावं असं मी सांगेन, कारण पावडर कशी म्हातारी होत जाते ते त्यात स्वच्छ दिसतं.

दुसरा रस्ता सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून त्याचं गणित करून दाखवतो. समजा ईएलआय टायटॅनियमची नवी पावडर ०.०९ टक्के ऑक्सिजनची आहे आणि तुमच्या मशीनवर दर बिल्डला ०.००५ टक्क्याने वाढतो (हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय, तुमचा तुम्ही मोजून काढायचा). दर बिल्डनंतर २० टक्के नवी मिसळली तर ऑक्सिजन वाढत वाढत ०.११ पाशी येऊन थांबतो. कसं, तर ०.११ ची पावडर बिल्डनंतर ०.११५ झाली, तिचे ८० टक्के म्हणजे ०.०९२, त्यात नवीचे २० टक्के म्हणजे ०.०१८, बेरीज परत ०.११०. आता नवी फक्त १० टक्के घातली तर हीच थांबायची जागा ०.१३५ ला जाते, म्हणजे ०.१३ च्या मर्यादेच्या बाहेर! पहिले काही बिल्ड दोन्हीकडे व्यवस्थित दिसतील, फरक नंतर उघडा पडतो. आणि पार्ट बनताना वितळलेला धातू स्वतः पण थोडा ऑक्सिजन घेऊ शकतो, तेव्हा पावडर मर्यादेला टेकेपर्यंत थांबायचं नाही, आधीच तुमची स्वतःची एक आतली रेषा ठरवा.

अजून एक, २० टक्के दर वेळी बदलूनसुद्धा दहा वेळांनंतर सुमारे ११ टक्के पावडर अगदी पहिल्या दिवसापासूनची असते. सरासरी चांगली दिसते पण काही कण फार जुने असतात, म्हणून अशा मिश्रणाचं वय लिहिताना त्यातल्या सगळ्यात जुन्या पावडरचं वय लिहायचं.

मिसळायचं म्हणजे खरंच मिसळायचं. हॉपरमधे जुनीवर नवी ओतली म्हणजे मिक्स झाली असं होत नाही, पार्टचा खालचा भाग एका पावडरचा आणि वरचा दुसरीचा होतो. फिरणाऱ्या मिक्सरमधे डबा अर्धा ते दोन तृतीयांश भरून फिरवा, काठोकाठ भरलेल्या डब्यात आत काही हलतच नाही. दुसऱ्या लॉटची नवी पावडर असेल तर मिश्रणाला नवा नंबर द्या आणि वहीत दोन्ही मूळ लॉट लिहा.

तपासायचं काय आणि कधी

आधी सॅम्पल नीट काढायला शिका, कारण सॅम्पल चुकलं तर पुढचा सगळा रिपोर्ट वाया. डबा हलला, वाहतूक झाली की बारीक आणि जाड कण वेगळे होतात, वरवरची चमचाभर पावडर म्हणजे सगळा डबा नाही. डबा फिरवून घ्या आणि सॅम्पलरने वर, मधे, खाली अशा ठिकाणांहून काढा.

दर बिल्डनंतर करण्यासारखं म्हणजे हॉल फ्लो, म्हणजे पावडर फनेलमधून वाहून जायला किती वेळ घेते ते: ५० ग्रॅम पावडर, २.५४ मिमी भोकाचं फनेल, स्टॉपवॉच. फार बारीक पावडर त्यातून कधी कधी वाहतच नाही, मग ५.०८ मिमी भोकाचं कार्नी फनेल वापरा. सोबत अ‍ॅपरंट डेन्सिटी (न दाबता भरलेल्या पावडरची घनता), २५ घन सेंमीच्या कपात. इथे एक गोष्ट नवीन लोकांना फसवते, ती म्हणजे वापरलेली पावडर बऱ्याचदा नवीपेक्षा चांगली वाहते! कारण बारीक कण काही उडून जातात, काही मोठ्या स्पॅटरला चिकटून चाळणीवर राहतात, कमी झाले की पावडर मोकळी होते. तर फ्लो सुधारला म्हणजे पावडर ठणठणीत असा अर्थ काढू नका, त्याच वेळी ऑक्सिजन वाढलेला असू शकतो. आणि उलट, फ्लो अचानक बिघडला तर पहिला संशय ओलाव्यावर घ्या.

कण किती मायक्रॉनचे आहेत त्याचं वाटप लेझर डिफ्रॅक्शनने, आणि ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन इनर्ट गॅस फ्यूजनने. ही मशीनं प्रत्येकाकडे नसतात, लॅबला पाठवावं लागतं. सुरुवातीला टायटॅनियमसाठी दर बिल्डनंतर पाठवा, ग्राफ काढा, चढ किती आहे ते कळलं की मग दर काही बिल्डनंतर पुरेल. कुठली टेस्ट कशी करायची याला आयएसओ/एएसटीएम ५२९०७ आणि एएसटीएम एफ३०४९ ही कागदपत्रं चांगली आहेत, एकदा बसून वाचाच.

पावडरचे रिपोर्ट कितीही चांगले आले तरी शेवटी पार्ट काय म्हणतो ते महत्त्वाचं, म्हणून प्रत्येक बिल्डमधे डेन्सिटीसाठी एक क्यूब आणि दोन-चार टेन्साइल बार लावा, त्यातला एखादा गॅस बाहेर जातो त्या बाजूला. अजून एक छान युक्ती आहे, बिल्डमधेच एक छोटी पोकळ डबी प्रिंट करायची, ती बनता बनता आजूबाजूचीच पावडर आत बंद होते, नंतर फोडून त्या बिल्डची अस्सल पावडर तपासायला मिळते.

साठवण

घट्ट झाकण, आर्गॉन भरून, आत सिलिका जेलची पुडी (सैल नाही, दाणे पावडरमधे सांडले की संपलं). थंड जागेतून आणलेला डबा लगेच उघडायचा नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर पावडरवर दव धरतं. ओलावा धरलेली पावडर व्हॅक्यूम ओव्हनमधे वाळवता येते, तापमान पुरवठादाराने सांगितलेलं. पण वाळवून ओलावा जातो, आधीच तयार झालेला ऑक्साइड जात नाही.

सेफ्टी, आणि पावडर काढून टाकायची वेळ

बारीक मेटल पावडर हवेत उडाली की ठिणगीने पेटते, टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम तर फारच. एफएफपी३ मास्क, नायट्राइल ग्लोव्ह्ज, अँटिस्टॅटिक बूट, सगळे डबे आणि चाळणी अर्थिंगला जोडलेली. साधा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नाही, वेट सेपरेटरवालाच (ओढलेली पावडर पाण्यात अडकवणारा). कॉम्प्रेस्ड एअरने फुंकर मारून साफ करायचं नाही. आगीसाठी क्लास डी चं (धातूच्या आगीसाठीचं) एक्स्टिंग्विशर जवळ पाहिजे. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारलं तर आग भडकते, आणि पेटलेलं टायटॅनियम नायट्रोजनमधे सुद्धा जळत राहतं, म्हणून त्याला आर्गॉनच लागतो. फिल्टर बदलणं हे या सगळ्यातलं सगळ्यात धोक्याचं काम, कारण वर सांगितलेली काजळी त्यातच असते आणि हवा लागली की ती पेटू शकते, ते मशीनच्या मॅन्युअलप्रमाणे आणि शिकलेल्या माणसासोबतच करा.

पावडर कधी थांबवायची ते वही सांगते: ऑक्सिजन तुमच्या आतल्या रेषेला पोचला, कणांचं वाटप स्पेकच्या बाहेर गेलं, टेन्साइल बारचं इलाँगेशन (तुटायच्या आधी किती लांबतो ते) उतरायला लागलं किंवा भेसळीचा संशय आला, यातलं एक पुरे. भेसळ नसेल आणि फक्त ऑक्सिजन वाढला असेल तर ईएलआयची पावडर ग्रेड ५ च्या कामाला चालते का ते गिऱ्हाइकाला लेखी विचारून बघता येतं, ट्रायल पार्टला तर चालतेच. बाकीची वेस्टवाल्याकडे. ते डबे धातूप्रमाणे वेगळे ठेवा, अ‍ॅल्युमिनियमची पावडर आणि गंजलेल्या लोखंडाचा कचरा एकत्र तर कधीच नाही, ते मिश्रण पेटलं की आवरत नाही. वेट सेपरेटरमधला ओला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा नाही, त्यातून हायड्रोजन सुटत राहतो आणि डबा फुगतो, तेव्हा झाकणाला गॅस जायला वाट ठेवा, डबा हवेशीर जागी ठेवा आणि त्यावर धातूचं नाव आणि तारीख लिहा.